भाताची वाटी आणि फेरीचा धक्का

शापोरा नदीच्या एका तीरावर आमचे चोपडे, दुसऱ्या तीरावर शिवोली. एक गाव पेडण्यातले, दुसरे बार्देशातले. पूल होण्यापूर्वी या दोहोंमध्ये फेरीबोट चालत असे. ज्याला म्हापशाला जावयाचे त्याने घरापासून धक्क्यापर्यंत चालत यावे, फेरीची वाट पाहत उभे राहावे, पलीकडे उतरून पुन्हा चालत बस गाठावी, आणि संध्याकाळी हेच सारे उलट्या क्रमाने करावे, असा नित्याचा परिपाठ होता. फेरी चुकली की माणसे चडफडत. आम्हीही पुष्कळ वेळा चडफडलो आहोत. पूल झाला तेव्हाचा आमचा आनंद खरा होता. अडलेल्या बाळंतिणीला किंवा छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याला मध्यरात्री नदीकाठी ताटकळत ठेवणाऱ्या त्या दिवसांची आठवण काढून हळहळण्यात काही अर्थ नाही. मात्र त्या फेरीने आमच्याकडून न सांगता एक काम करून घेतले होते. ते काम कोणते, हे आम्हांला दादांच्या पायाचे बोट गेले तेव्हा कळले.

दादा म्हणजे आमचे थोरले बंधू. त्यांची सारी नोकरी नदीपलीकडच्या एका शाळेत शिक्षक म्हणून झाली. घर ते धक्का आणि धक्का ते शाळा अशी पायपीट रोज दोनदा. सुट्टीच्या दिवशी शेतात काम, पावसाळ्यात सरदीची लावणी. निवृत्तीला थोडी वर्षे उरली असता पूल झाला आणि दादांनी स्कूटर घेतली. पुढे शेत खंडाने गेले. निवृत्तीनंतर सकाळी वर्तमानपत्र, दुपारी वामकुक्षी, सायंकाळी देवळाच्या पायरीवर गप्पा असा क्रम सुरू झाला. बदलले नाही ते फक्त ताट. सकाळी पेज, दुपारी उकड्या तांदळाचा भात आणि हुमण, रात्री पुन्हा भात. लावणीच्या दिवसांत जेवढा वाढला जाई तेवढाच, तीन वाढी.

अशात एकदा ओहोटीच्या वेळी ते अनवाणी नदीकाठी गेले आणि कालवाची शिंप पायाला लागली. लागल्याचे त्यांना समजलेच नाही! घरी आल्यावर ओसरीवर रक्ताचे ठसे उमटले, तेव्हा वहिनींनी पाहिले. हळद आणि चुना लावून दादांनी तो विषय संपवला, आणि आम्हीही तो संपला असे मानले. तीन आठवड्यांनी बोट काळे पडले. रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा उपाशीपोटीची साखर १६८ निघाली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी ‘एचबीए-वन-सी’ नावाची तपासणी असते तिचा आकडा ८.४. बोट काढावे लागले. त्याआधी किती वर्षे साखर वाढलेली होती, हे सांगावयास कोणीच समर्थ नव्हते, कारण दादांनी रक्त कधी तपासून घेतलेच नव्हते. “मला साखर कशी होईल? मी चहासुद्धा अगोड घेतो,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते खोटे नव्हते. आमचे दादा गोडाचे भोक्ते कधीच नव्हते.

या एका वाक्यात जो गैरसमज आहे तो आमच्या मते गोमंतकातील घराघरांत आहे, आणि म्हणून या महिन्याचे हे सदर आम्ही त्यालाच वाहत आहोत.

प्रथम थोडे आकडे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुरस्काराने २००८ ते २०२० या काळात देशातील ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत वीस वर्षांवरील १,१३,०४३ माणसांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झाले. देशात शंभर प्रौढांमागे ११.४ मधुमेही आढळले. उत्तर प्रदेशात हे प्रमाण ४.८ होते, आणि सर्व राज्यांत वरचा क्रमांक लागला तो आपल्या गोव्याचा: २६.४. म्हणजे चवथीच्या आरतीला अंगणात चाळीस मोठी माणसे जमली असतील तर त्यांतली दहाएक मधुमेही असावीत, असा हा हिशेब आहे. त्यांतल्या कित्येकांना त्याचा पत्ताही नसतो, हे आम्ही घरच्या अनुभवावरून सांगू शकतो.

पूर्वी आपल्याकडे या रोगाला ‘गोडेंमूत’ म्हणत. लघवीला मुंग्या लागल्या की रोग ओळखला जाई. तो श्रीमंतांचा, गादीवर बसणाऱ्यांचा रोग अशीच समजूत होती, आणि त्या काळी ती फारशी चुकीची नव्हती. चरकाने प्रमेहाच्या कारणांत बसण्याचे सुख आणि निजण्याचे सुख यांना अग्रस्थान दिले आहे. दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ ही त्यानंतर येतात. सुश्रुताने तर उपाय सांगताना रोग्याची ऐपत पाहिली आहे. जो निर्धन व निराधार आहे त्याने छत्री व पादत्राणे न घेता, भिक्षान्नावर राहून, एका गावी एकच रात्र काढीत शंभर योजने चालत जावे, असे तो सांगतो. विहीर खणण्याचाही उपाय त्याने दिला आहे. आमच्या दादांनी विहीर खणली नाही, पण फेरीच्या धक्क्यावरच्या तीस वर्षांच्या येरझारा मोजल्या तर शंभर योजने केव्हाच भरली असतील. मात्र सुश्रुताच्या या आज्ञेतील पादत्राणे सोडण्याचा भाग आजच्या मधुमेह्याने मुळीच पाळू नये. त्याचे कारण वर आलेच आहे.

आता ‘मी गोड खात नाही’ या वाक्याकडे वळू. जेवणातले पिष्ट पोटात गेल्यावर शेवटी साखरच होते. मग ते भाताचे असो, पावाचे असो, शिरवाळ्यांचे असो की उपवासाच्या साबुदाण्याचे. शिजलेल्या भाताची मध्यम वाटी, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम भात, घेतला तर त्यात चाळीस ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते. साखरेच्या हिशेबाने ते आठ ते दहा लहान चमचे झाले. दादा चहात दोन चमचे साखर वाचवीत आणि एकेका जेवणात तीन वाट्यांनी पंचवीस-तीस चमचे पोटात घालीत. हा हिशेब आम्ही त्यांच्यासमोर मांडला तेव्हा जन्मभर गणित शिकविलेला तो मनुष्य बराच वेळ काही बोलला नाही.

उकडे तांदूळ चांगले, ते साखर वाढवीत नाहीत, असे आपल्याकडे छातीठोकपणे सांगितले जाते. त्यात अर्धे सत्य आहे. धान भिजवून उकडताना कोंड्यातली काही जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात, आणि असा भात पांढऱ्या सुरय भातापेक्षा थोडा सावकाश पचतो. त्यातून खाजन जमिनीतला, खारे पाणी सोसणारा आपला कोरगुट चवीला उत्तमच. परंतु सावकाश म्हणजे नाहीच असे नव्हे. उकड्या भाताच्या तीन वाट्या या पांढऱ्या भाताच्या दोन वाट्यांपेक्षा जड पडणारच. गुळाची आणि माडाच्या गोडाची गोष्ट तीच. रंग तांबूस असला म्हणजे साखर साधू होत नाही.

मग पूर्वीची माणसे हाच भात खाऊन सुखरूप कशी राहिली? ज्यांनी चोपड्याशेजारच्या आगरवाड्याची मिठागरे पाहिली आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. तिथे भर उन्हात चिखल तुडवीत, मीठ ओढीत, टोपल्या वाहत दिवस जात असे. खाजनाचे बांध घालणे, नांगरणी, लावणी, माडावर चढणे, पाणी शेंदणे ही सारी कामे स्नायूंची. आणि खाल्लेल्या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायूच. एरवी साखर स्नायूंच्या दारात आली की दार उघडण्यासाठी इन्शुलिन लागते. पण काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता स्वतःच दार उघडून साखर आत ओढून घेतो. शेतकऱ्याच्या ताटातला भात बांधावर खर्च होत असे. आता ताट शेतकऱ्याचे राहिले आणि देह कारकुनाचा झाला. त्या ताटाला दोष देण्यापेक्षा ते आपले उरले आहे काय, हा प्रश्न विचारावयास हवा.

इथे कोणी म्हणेल, आम्ही तर काटकुळे आहोत, आम्हांला कसले भय? त्यांनी पुण्याच्या दोन डॉक्टरांची, खरे तर एका पुण्याच्या आणि एका लंडनच्या डॉक्टरांची गोष्ट ऐकावी. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसावयास सडपातळ, आतून मेदस्वी अशी आपल्या लोकांची ठेवण असते, ती अशी जगापुढे आली. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या बाळांचा जो अभ्यास चालविला, त्यात तर ही ठेवण जन्मतःच दिसली. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणून वजनकाट्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा शिंप्याची फीत कमरेला लावून पाहावी. बेंबीच्या पातळीवर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही आपल्या लोकांसाठी सावधानतेची रेषा मानतात. आमच्या दादांचे हातपाय आजही काटकुळे आहेत, आणि त्या वेळी त्यांची कंबर ९८ होती.

तिशी उलटलेल्या प्रत्येकाने, आणि घरात मधुमेह असेल तर त्याआधीच, रक्त तपासून घ्यावे. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत असेल तर ठीक. १०० ते १२५ ही उंबरठ्यावरची अवस्था. १२६ किंवा वर पुन्हा एकदा आढळली तर मधुमेह. एचबीए-वन-सी ५.७ पासून ६.४ पर्यंत उंबरठा, ६.५ पासून पुढे रोग. ज्या स्त्रियांना गरोदरपणी साखर वाढली होती व बाळंतपणानंतर उतरली, त्यांनी ‘उतरली, सुटले’ असे समजू नये. त्यांना पुढे हा रोग होण्याचा संभव पुष्कळ असतो, आणि नेमक्या त्याच स्त्रिया तपासणीला सर्वांत शेवटी जातात.

उंबरठ्यावरून माघारी फिरता येते, हे आता निश्चित झाले आहे. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००२ साली आले. आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम आणि वजनात सात टक्के घट, एवढे साधू पाहणाऱ्यांत मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी उतरले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी उतरले. म्हणजे पायांनी गोळीवर मात केली. आपल्याकडे मद्रासला डॉ. ए. रामचंद्रन यांनी असाच प्रयोग केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तिथे आहार-व्यायामाने हे प्रमाण २८.५ टक्क्यांनीच कमी झाले. आपली प्रकृती अधिक हट्टी दिसते. पण चौघांपैकी एकाहून अधिकाला रोगापासून दूर ठेवणारी गोष्ट विनामूल्य मिळत असेल तर ती लहान म्हणता येणार नाही.

तर आता स्वयंपाकघरात जाऊ. दादांना घरी आणल्यावर वहिनींनी जे केले तेच बहुतेक घरांत होते. त्यांनी दादांसाठी वेगळे पातेले मांडले. सर्वांना भात-हुमण आणि दादांना दोन कोरड्या भाकऱ्या व दुधीची बिनखोबऱ्याची भाजी. चार दिवस दादांनी सोसले, पाचव्या दिवशी ताट सरकवून उठले. “मी काय वाळीत पडलो आहे?” वहिनी रडल्या. दोघांचेही बरोबर होते. घरात एकाला पथ्य आणि इतरांना मेजवानी, हा बेत महिनाभरही टिकत नाही. शिवाय मुलांच्या अंगी तेच रक्त, त्यांनाही तेच भय. तेव्हा पातेले एकच ठेवावयाचे आणि त्यातले प्रमाण बदलावयाचे, असे शेवटी ठरले. ते ठरवावयास मात्र दोन महिने गेले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

बदल काय केला? ताटाचा अर्धा भाग भाजीचा, पाव भाग मासळी, अंडी अथवा कडधान्याचा, आणि उरलेला पाव भाताचा. आपल्या पेडण्यात यासाठी काही नवे शोधावयास नको. तांबडी भाजी आहे, पावसात तायकिळा, शेवग्याचा पाला, केळफूल आहे. अळसांद्यांचे तोणाक, मुगागाठी, कुळथाची पिठी आहे. बांगडा आणि तारले यांसारखी स्वस्त मासळी या बाबतीत कोणत्याही महागड्या डब्याहून सरस. फक्त रवा लावून तेलात पोहत ठेवण्याऐवजी ती हुमणात किंवा तव्यावर अल्प तेलात करावी. हुमणातल्या खोबऱ्याला मधुमेहाचे मूळ कारण समजून हद्दपार करण्याचेही कारण नाही. खोबरे रक्तातली साखर फारशी चढवीत नाही. पण त्यात स्निग्धांश भरपूर, वजन वाढविण्याचे सामर्थ्य भरपूर, म्हणून हात आखडता घ्यावा. खरी गोष्ट अशी, की हुमण चांगले झाले की भात दुप्पट जातो. गुन्हा हुमणाचा नव्हे, ते निमित्तमात्र.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी भाजी व मासळी किंवा उसळ खावी आणि भात शेवटी, असे केले तर तेच अन्न खाऊनही जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसून आले आहे. वहिनींना हे प्रथम पटेना. भाताशिवाय नुसते तोंडीलावणे कसे खावयाचे? पण दादांनी ते केले, आणि भाताची पाळी येईपर्यंत भूकच अर्धी झाली. आज ते एक वाटी भात घेतात. वाटीने मोजून, डावाने नव्हे.

पेजेविषयी पुष्कळजण विचारतात. पेजेत पाणी पुष्कळ व दाणे थोडे असतील आणि सोबत सुक्या मासळीची किसमूर किंवा मुगाची उसळ असेल तर सकाळी एक वाटी चालेल. नुसती दाट पेज आणि लोणचे, तेही तीन वाट्या, हे मात्र भाताचेच दुसरे नाव. पोई ही मैद्याच्या पावापेक्षा बरी, कारण तीत कोंडा असतो. आजकाल किती असतो हे पोदेरालाच ठाऊक! काजूच्या हंगामात निऱ्याचा पेला पुढे येतो. तो फळाचा रस असला तरी साखरेचे पाणीच समजावे. कोकमाचे गोड सरबत सोडून सोलकढी घ्यावी. मानकुराद सोडा असे आम्ही सांगणार नाही, कारण ते कोणी ऐकणार नाही आणि आम्हांलाही ते जमलेले नाही. अर्धा आंबा, कापून, जेवणानंतर लगेच न घेता मधल्या वेळी. रस काढून वाटीभर मात्र नव्हे.

कडू खाल्ले की गोड उतरते, या श्रद्धेवर आपल्याकडे कारल्याचा रस, कडुनिंब आणि किराईत यांचे पेले रिचविले जातात. कारले ही उत्तम भाजी आहे, ती जरूर खावी. पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करणाऱ्यांनी दादांचा पाय येऊन पाहावा.

दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण उरकण्याची जी पद्धत डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात लोकप्रिय केली, तिचे अनुयायी इकडेही आहेत. सतत काहीतरी तोंडात टाकण्याची खोड तिने मोडते, हा तिचा गुण आम्हांला मान्य आहे. परंतु इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने स्वतःच्या मनाने असा बदल करू नये. तीच गोष्ट उपवासांची. एकादशीला दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाण्याची खिचडी व बटाटा खाणे, यात साखर आधी खाली आणि मग एकदम वर जाते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. देवाला तो आवडतो असे कोणत्या पोथीत आहे, हे आम्ही शोधीत आहोत.

आणि चवथ. पातोळ्या, नेवऱ्या, मोदक, मणगणे. या दिवसांत खरा शत्रू पदार्थ नसतो, आग्रह असतो. प्रत्येक घरी आरतीला जावयाचे, प्रत्येक घरी ताटली पुढे यावयाची आणि “एवढीशी घेतलीत तर काय होते?” हे ऐकावयाचे. नाही म्हणणे म्हणजे यजमानाचा अपमान, असा आपल्याकडे अलिखित कायदा आहे. मधुमेही मनुष्य या कायद्याला भिऊन दहा घरी दहा नेवऱ्या खातो, आणि घरी आल्यावर वहिनींसारख्या बाईला वाटते, आपण वर्षभर सांभाळलेले या माणसाने चार दिवसांत घालविले. दादांनी यावर तोड काढली. स्वतःच्या घरची एक पातोळी खावयाची, आणि बाकी सर्व घरी “ताटली बांधून द्या, मुलांना नेतो” असे म्हणावयाचे. मुलांचे काय, हा प्रश्न आम्ही विचारला. तेव्हापासून ताटल्यांत फळे मागितली जातात. यजमानांना आमची विनंती आहे, की आपल्या दारी आलेल्याने एकदा नको म्हटले तर ते खरे मानावे. पूर्वी आग्रह हे वात्सल्य होते, कारण पाहुणा उपाशी चालत आलेला असे. आता तो गाडीतून उतरतो.

व्यायाम म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर पहाटेची थंडी आणि पांढरे बूट येतात व तिथेच सारे थांबते. आमचे सांगणे त्याहून सोपे आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. जेवल्यावर तासाभरात रक्तातली साखर शिगेला जाते, आणि नेमक्या त्याच वेळी पोटऱ्या व मांड्या कामाला लागल्या तर ती शीग उतरते. शतपावली म्हणतात ती हीच. फक्त शंभर पावलांत भागत नाही, हजार-बाराशे हवीत. आठवड्याची दीडशे मिनिटे अशी तुकड्यातुकड्यांनीही भरतात. त्याशिवाय दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही हवे. खुर्चीवरून हात न टेकता दहा-वीस वेळा उठणे-बसणे, पाण्याची बादली उचलणे, जिने चढणे. आपल्या भगिनींना तर फुगडी आणि धालो आंदण मिळाले आहेत. पौषात मांडावर रात्रभर नाचणाऱ्या आमच्या आज्यांना व्यायाम हा शब्द ठाऊक नव्हता. आता फुगडी स्पर्धेच्या मंचावर गेली आणि बाकीच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवितात. ती अंगणात परत आणावयास कोणाची परवानगी लागत नाही. गुडघे दुखत असतील त्यांनी मात्र फेरच धरावा, बसफुगडी नको.

या चालण्यात घरातल्या स्त्रीचा विचार अगदी शेवटी होतो, म्हणून मुद्दाम लिहितो. रात्री सर्वांची जेवणे उरकून, भांडी आवरून ती दहाला जेवते, उरलेला भात ‘फुकट जाऊ नये’ म्हणून संपवते आणि तशीच आडवी होते. दादा चालावयास जाऊ लागले तेव्हा वहिनी ओट्यापाशीच असत. पुढे त्यांची साखर तपासली ती ११८ निघाली. आता दोघे आठला एकत्र जेवतात, भांडी तशीच ठेवून पुलाच्या तोंडापर्यंत जाऊन येतात, आणि परत आल्यावर दादा भांडी विसळतात. त्यांच्या पिढीत ही क्रांतीच म्हणावी लागेल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. जे इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेतात त्यांची साखर व्यायामाने अथवा जेवण चुकल्याने ७० च्या खाली जाऊ शकते. एकाएकी घाम, हातापायांची थरथर, छातीत धडधड, चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही तिची चिन्हे. अशा वेळी वाद न घालता तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, बरे वाटले की काहीतरी खावयास द्यावे. मनुष्य बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, सरळ रुग्णालय गाठावे. दुसरी गोष्ट पायांची. रोज रात्री दोन्ही तळवे उजेडात पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा धरावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात. अंगणातसुद्धा वहाणेशिवाय जाऊ नये. जत्रेत देवळाच्या तापल्या फरशीवर तर मुळीच नाही, पायमोजे घालून जावे, देव रागावत नाही. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीतली प्रथिने तपासावीत, कारण डोळा आणि मूत्रपिंड कुरकुर न करता बिघडतात.

दादांचा एचबीए-वन-सी गेल्या तपासणीत ६.८ होता. एक गोळी चालूच आहे, आणि ती चालू असण्यात त्यांना आता कमीपणा वाटत नाही.

जाता जाता मोरजीच्या एका भगिनीच्या पत्राचे उत्तर. नाचणीची आंबील मधुमेह्याने हवी तेवढी प्यावी काय, असे त्यांनी विचारले आहे. नाचणीत चुना भरपूर, कोंडाही तांदळापेक्षा जास्त, हे खरे. पण शंभर ग्रॅम नाचणीतही सत्तर ग्रॅमच्या आसपास पिष्टच असते, आणि वस्त्रगाळ पिठाची पातळ, गूळ घातलेली आंबील रक्तात फार लवकर उतरते. त्याऐवजी जाडसर पिठाची एक भाकरी, सोबत उसळ व ताक, हे बरे. आंबीलच हवी असेल तर ती ताकातली, गुळाशिवाय, एक वाटी घ्यावी, आणि त्या वेळचा भात वगळावा.